तासाला पाच लिटर

सकाळी शेवंतीनं घमेल्यातल्या पाण्यात तोंड घातलं, ओठ ओले केले आणि मान वर काढली. एक घोट नाही. हितेशनं घमेलं पायानं जरा पुढं सरकवलं. तिनं मान फिरवली. मागनं पुन्हा पिचकारी उडाली, नुसतं हिरवट पाणी. हितेशनं मोबाईल काढला आणि शिफ्टच्या सुपरवायझरला मेसेज टाकला की आज येत नाय, घरात सिरियस आहे. कोण सिरियस ते लिहिलं नाही. घोडी लिहिलं असतं तर रजा मिळाली नसती.

शेवंती म्हणजे कमळाकरची पांढरी घोडी, आणि कमळाकर म्हणजे हितेशचा बाप. रोहा स्टेशनवर टांगे होते तेव्हा यांच्या तबेल्यात कायम दोन-तीन घोडी असायची. टांगे गेले, रिक्षा आल्या, घोडीही गेली. उरली ही एकटी, वरातीपुरती. त्यांच्या अष्टमी गावात लग्न असो, पुलापलीकडं रोह्यात असो, नायतर पार धाटावच्या कॉलनीत, नवरदेव बसणार तो शेवंतीवरच. कानाशी बँडचा ढोल वाजला तरी पापणी हलवायची नाही. फटाक्यांची माळ पायाशी फुटली तरी नुसती शेपटी झटकायची. हितेशनं तिला शिंगरू असताना बाटलीनं दूध पाजलेलं. आई गेली त्याच साली ती घरात आली, त्यामुळं घरात तिच्याशी बोलायची सवय दोघा बापलेकांना फार. एकमेकांशी कमी.

आदल्या संध्याकाळी काय झालं, तर नवरदेवाला बहिणी पाच. घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारायचा मान बहिणीचा. थोरलीनं चारली तर दुसरी रुसली. मग पाचीजणींनी चारली, ताटं भरभरून, प्रत्येकीचा वेगळा फोटो. वर कुणीतरी मोतीचूराचे लाडू आणले. कमळाकर दोनदा म्हणाला, ताई पुरे, पण मानापानात घोडीवाल्याचं कोण ऐकतंय. घरी येईपर्यंत पोट टम्म. पहाटेपासनं हगवण. आणि मे महिन्याचा उकाडा असा की माणसानं उभ्या उभ्या विरघळावं.

पेणहून डॉक्टर नूतन मॅडम जीप घेऊन आल्या. या भागात घोड्याला हात लावणाऱ्या डॉक्टर त्या एकट्याच. बाकीचे गाई-म्हशीवाले, घोडा म्हटलं की फोनवरच गोळी सांगतात. मॅडमनी आल्या आल्या चपला काढल्या, गमबूट घातले, शेवंतीचा ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबला. पांढरा डाग पडला तो लवकर लाल होईना. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी. कापडाला चुणी पडावी तशी.

मग टेप काढून छाती मोजली, लांबी मोजली, मोबाईलवर काहीतरी गुणलं-भागलं.

"तीनशे किलो धरू," त्या म्हणाल्या. "कातडी बघितलीस ना? शंभराला आठ एवढं पाणी तुटलंय. तीनशेला किती?"

"चोवीस."

"चोवीस लिटर. म्हणजे अर्ध्या लिटरच्या सलाईनच्या अठ्ठेचाळीस बाटल्या. आणि हे फक्त झालेलं नुकसान. रोजचं लागणारं वेगळं, मागून जातंय ते वेगळं."

हितेशला हे आवडलं. मनात भीती होती, पण हिशेब ओळखीचा होता. धाटावच्या कारखान्यात तो पंपावर ऑपरेटर. पंप किती तास चालला गुणिले तासाला किती लिटर, बरोबर टाकीत गेलं एवढं. वर चढून टाकीत वाकून बघायची गरज नाही. चार वर्षं तो हेच लिहीत आला होता आणि कधी चुकला नव्हता. त्यानं लगेच विचारलं, मॅडम, तासाला किती जाईल? मॅडम म्हणाल्या, घोड्याचा जाड नळीचा सेट माझा फुटलाय, हा माणसांचाच आहे, पण सुई जाड घालते. बाटली उंच टांगून नळीवरचं चाक पूर्ण उघडं ठेवलं तर तासाला पाच लिटर जाईल.

तासाला पाच. हितेशच्या डोक्यात ते पक्कं बसलं.

मॅडमनी मानेवरची जागा भादरली आणि सुई काढली तसा कमळाकर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याला सुई बघवत नाही. पोलिओचे डोस असायचे तेव्हा सुद्धा हितेशला आईच घेऊन जायची, आणि ते तर थेंब होते. शेवंतीच्या गळ्यातली दोरी मात्र त्यानं सोडली नाही. पाठ फिरवून, हात मागं करून, तशीच धरून ठेवली.

सुई शिरेत बसली, टाका घालून पक्की केली, वाशाला बाटली टांगली, चाक उघडलं. नळीतनं धार लागली. पहिल्या सहा बाटल्या मॅडमनी स्वतःच्या हातानं लावल्या. एक संपते न संपते तो दुसरी. सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गागोद्याला म्हैस अडली होती, रेडकाचा एक पाय बाहेर आणि मालक रडकुंडीला.

निघताना त्यांनी हितेशला जीपजवळ घेऊन सांगितलं ते असं. माझ्याकडचं बाटल्यांचं एक खोकं ठेवतेय, चोवीस होत्या त्यातल्या सहा लावल्या. बाकीच्या तू रोह्यातनं जमव, नाही मिळाल्या तर पेणला जा. गागोद्यात रेंजचा भरवसा नाही, मीच वर रस्त्यावर येऊन फोन करेन.

"मला दोनच गोष्टी सांगायच्या. पाणी किती गेलं, आणि मुतली की नाही. पाणी पुरेसं गेलं की ती मुतणार. भरपूर जाऊनही नाही मुतली, तर किडन्या बसल्या समजायचं. मग वरनं पाणी ओतणं पण धोक्याचं, छातीत भरेल. कळलं?"

कळलं होतं.

आता बाटल्या बदलायला कोण? बाप सुईकडं बघणार नाही. राहिली धोंडुबाई आते. कमळाकरची थोरली बहीण, पेणच्या खारेपाटातली, मिठागरावर जन्म काढलेली. नवरा वारल्यापासनं उन्हाळ्यात माहेरी राहायला यायची. हात असे की मिठाची गोण एकटीनं डोक्यावर घ्यायची. हितेशनं तिला दाखवलं, ही संपली की ही काढायची, टोपण असं खेचायचं, दुसरी अशी खुपसायची. आते म्हणाली, मना शिकवतोस काय, तुझ्या मामांच्या उशाशी बसून हेच केलंय मी. मामा म्हणजे तिचा वारलेला नवरा. हितेशला बरं वाटलं. माहीतगार माणूस आहे म्हटल्यावर तो निघाला.

रोह्यात पहिल्या मेडिकलवर समीक्षा बसली होती, शाळेत त्याच्या वर्गात होती ती. त्यानं सलाईनच्या बाटल्या मागितल्या. किती, तर असतील तेवढ्या.

"घरात किती जण ॲडमिट हायेत रे?"

"एकच. चार पायांचं."

ती हसली नाही. शेवंतीवर बसून तिचा नवरा आला होता. आतनं सगळा माल काढून दिला आणि पुढच्या दोन दुकानांना स्वतः फोन केला. तीन दुकानं मिळून वीस बाटल्या झाल्या. हितेश पुलावरनं परत आला, खोकं फाटकातनंच आतेच्या हातात दिलं. बाईक बंद पण केली नाय. विचारलं, चालू हाय ना? आते म्हणाली चालू हाय. कमळाकर शेवंतीच्या डोक्याशी बसलेला दिसला, तिचं तोंड मांडीवर घेऊन, सुईच्या उलट्या बाजूला. हितेशनं बाईक वळवली आणि पेण गाठायला निघाला.

रस्ता कसा आहे ते या भागात कुणाला सांगायला नको. खड्डा चुकवला की डंपर, डंपर चुकवला की खड्डा. हेल्मेटमध्ये घाम डोळ्यात उतरत होता आणि डोक्यात आकडे चालू होते. आता साडेसात गेलं असेल. आता दहा. वडखळ नाक्याला अडकला तेव्हा त्यानं बारा धरलं, म्हणजे निम्मं भरलं. निम्मं भरलं म्हटल्यावर त्याला वाटलं आता ती उभी राहिली असेल, कान टवकारले असतील. मग वाटलं, नसतील. मग पुन्हा गुणाकार. थांबला की भीती वाटायची, म्हणून डोकं थांबू देत नव्हता. पेणला होलसेलवाल्याकडनं तीस बाटल्या मिळाल्या, त्या गोणीत भरून मागं बांधल्या आणि उलटा फिरला.

नागोठण्याच्या अलीकडं फोन थरथरला. त्यानं गाडी बाजूला घेतली. नूतन मॅडम. मागं म्हशीचा हंबरडा ऐकू येत होता.

किती गेलं, त्यांनी विचारलं.

हितेशनं मनगटावर बघितलं. नऊला चालू केलं, एक वाजला. चार तास गुणिले पाच.

"वीस लिटर, मॅडम."

"लघवी?"

एक मिनिट, म्हणून त्यानं घरी लावला. कमळाकरनं उचलला. हितेशनं विचारलं, मुतली काय? बाप म्हणाला, नाय रे, टिपूस नाय. सलाईन चालू हाय ना? चालू हाय, आते बसलीय उशाशी, उठली पण नाय. संपली की दुसरी लावतेय ना? व्हय, संपली की लावतेय.

हे सगळं खरं होतं. एक शब्द खोटा नव्हता.

हे त्यानं मॅडमना सांगितलं. त्या सावकाश म्हणाल्या की वीस लिटर जाऊन एक थेंब बाहेर नाही, तर मला किडन्यांची भीती वाटते. इथं रक्त तपासायची सोय नाही. मुंबईला जनावरांच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल, आजच. उन्हात टेंपोत उभी राहील का हे सांगता येत नाही, अशा घोड्या वाटेत पडतात. पण इथं ठेवून माझ्या हातात काही नाही. सलाईन अगदी हळू करा आणि निघा.

हितेशनं परत घरी लावला. या वेळी फोन आतेकडं होता.

"आते, सलाईन आता हळू कर. एकदम हळू."

"हळूच हाय रे बाळा. तू बेगीन ये."

त्याला तेवढ्यातही आतेचं कौतुक वाटलं. सांगायच्या आधीच केलं म्हणजे! मग सखाला फोन लावला. सखा टेंपोवाला, शेवंतीला वरातीला नेणारा तोच. सखा म्हणाला जेवतोय. हितेश म्हणाला, ताट सोड. सखानं ताट सोडलं.

हितेश घरी पोचला तेव्हा टेंपो तबेल्याच्या तोंडाशी मागं लावून उभा होता, फळ्या उतरवलेल्या, त्यावर भाताचा पेंढा पसरलेला. शेवंती उभी होती पण कशी, तर चारी पाय फाकवून, डोकं गुडघ्यापर्यंत खाली. कमळाकर तिच्या कानात काहीतरी बोलत होता. त्याचं धोतर मांडीपर्यंत घोडीच्या लाळेनं भिजलेलं.

"वडखळला चारनंतर मुंगी शिरत नाय," सखा म्हणाला. "न्यायची तर आत्ता. आणि ही खोकी पण टाकायची काय? दोन हायेत भरलेली."

"एकात चारच असतील. ठेव."

"चार? अरे उचलून बघ. कंबर मोडली माझी."

हितेशनं खोकं उघडलं. वरचा थर भरलेला. खालचा भरलेला. दुसरं उघडलं, त्यातही तेच. त्यानं बाटल्या जमिनीवर मांडायला सुरुवात केली. सखा बघतच राहिला, याला काय झालं म्हणून. पस्तीस. पुन्हा मोजल्या. पस्तीस. मॅडमच्या चोवीस, त्याच्या वीस, चव्वेचाळीस. गेल्या नऊ. नऊ म्हणजे साडेचार लिटर. त्यातल्या सहा तर मॅडमनीच लावलेल्या.

म्हणजे मॅडम निघून गेल्यापासनं, तो रोहा-पेण करत होता, वडखळला गुणाकार करत होता, त्या सगळ्या वेळात तीन बाटल्या. दीड लिटर. एवढं तर तिच्या मागनं दोनदा गेलं असेल.

त्यानं वर बघितलं. वाशाला बाटली टांगलेली, अर्धी भरलेली. नळीतल्या डबीत एक थेंब लोंबत होता. लोंबला, लोंबला, पडला. मग दुसरा धरायला लागला.

"आते, हे चाक कुणी फिरवलं?"

"मीच," आते म्हणाली. आवाजात चोरटेपणा अजिबात नाही, उलट अभिमान. "ती बाय गेली नि बघतंय तर काय, धो धो चाललं हुतं. नळ सोडल्यासारखं. मुकं जनावर, हुडहुडी भरली तर सांगंल काय? मी थेंबावर आणलं. एकदा कमळ्याच्या धक्क्यानं चाक सुटलं तर परत आणलं. डोळा नाय हलवला."

हितेशचा तोल गेला. तो जे बोलला ते इथं सगळं लिहिण्यासारखं नाही. मारलंस तू तिला, असं म्हणाला. आम्ही तिला मुंबईला मरायला न्यायला निघालो ते तुझ्या शहाणपणापायी, असं म्हणाला. सखा टेंपोच्या मागं जाऊन टायर बघायला लागला. आते बसल्या जागेवरनं उठली नाही. तिच्या हातात सुती फडकं होतं, सुईच्या भोवतीचा घाम पुसायला घेतलेलं, ते तिनं मांडीवर ठेवून घडी केलं.

"तुझ्या मामांना लावली हुती तवा," ती म्हणाली, "मी अशीच बसले. बाटली लवकर संपू दे म्हणून चाक मोकळं केलं मी. ती नर्स धावत आली. म्हणाली मावशी, जोरात गेली तर छातीत पाणी भरंल, माणूस जाईल. थेंब थेंब जाऊ दे. मग रातभर मी थेंब मोजले. सकाळी डॉक्टर म्हणाला, या बाईमुळं हा वाचला. त्या खेपेला घरी आणलं मी त्यांना चालत."

शेवंतीच्या नाकपुडीवर माशी बसली, कमळाकरनं ती हाकलली.

"मना तू सांगलंस काय, चाकाला हात लावू नको म्हणून?"

नव्हतं सांगितलं. बाटली कशी बदलायची ते सांगितलं होतं. चाकाचं सांगायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं, कारण पंपाच्या व्हॉल्व्हला कोण कशाला हात लावेल? आणि मॅडमना वीस लिटर कुणी सांगितलं? आतेनं तर नाही सांगितलं. ती म्हणाली होती हळूच हाय.

त्यानं मॅडमना फोन लावला. आउट ऑफ रेंज. परत लावला. तेच. तिसऱ्यांदा तीच बाई तेच बोलली.

"काय ते ठरवा," सखा टेंपोमागनं म्हणाला. "मी थांबतो, पण घोडी थांबंल काय?"

मॅडमचा शेवटचा शब्द होता, न्या. पण तो शब्द त्यानं दिलेल्या आकड्यावर उभा होता आणि तो आकडा हवेतला होता. समजा आता चाक उघडलं आणि किडन्या खरंच बसलेल्या निघाल्या तर? छातीत भरेल. आते म्हणत होती तेच होईल, फक्त घोडीला. आणि नेली तर वडखळच्या गर्दीत, पत्र्याखाली, चोवीसातलं साडेचार लिटर पाणी अंगात घेऊन ती किती वेळ उभी राहणार?

तो शेवंतीजवळ गेला. मॅडमनी केलं तसं मानेची कातडी चिमटीत धरली, सोडली. घडी उभीच. सकाळपेक्षा जास्त उभी. ओठ वर केला, हिरडी चिकट, अंगठा दाबला तर डाग जाता जाईना. आतनं भरलेलं काहीच लागत नव्हतं. ही रिकामी टाकी होती. एवढं त्याला कळलं, एवढंच कळलं.

"बाबा," तो म्हणाला, "मी उघडतोय. तुम्ही काय म्हणता?"

कमळाकरनं पहिल्यांदाच मान वळवली. आधी पोराकडं बघितलं, मग नळीकडं, मग थेट सुईकडं. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण नजर त्यानं काढली नाही.

"उघड," तो म्हणाला.

हितेशनं चाक वर सारलं. धार लागली. बाटली आणखी उंच, पार आढ्याला टांगली. संपली. दुसरी. संपली. टोपण खेचताना नख तुटलं. तिसऱ्या बाटलीला त्याच्या खांद्यावरनं एक हात पुढं आला, टोपण काढून तयार ठेवलेली बाटली घेऊन. आते. ती डोळे मिटूनच होती. धारेकडं तिला बघवत नव्हतं. ओठांनी काहीतरी पुटपुटत होती, देवाचं नाव असेल नायतर हितेशला शिव्या असतील. तो काढायचा, ती द्यायची. सखानं बिनसांगता सकाळपासनच्या सगळ्या रिकाम्या उचलून टेंपोच्या फळीवर ओळीनं उभ्या करायला घेतल्या. प्रत्येकीला मोठ्यानं आकडा. हितेशला ते ऐकून एकीकडं बरं वाटत होतं आणि एकीकडं मळमळत होतं. सारखा तो वाकून शेवंतीच्या छातीला कान लावायचा. आत पाणी वाजतंय काय? त्याला काहीच समजत नव्हतं. धडधड होती, ती तिची की त्याची कोण जाणे.

सखाच्या तोंडून तेवीस आलं तेव्हा मॅडमचा फोन आला. निघालात का, कुठपर्यंत आलात?

हितेशनं सगळं सांगितलं. थांबत थांबत नाही, एका दमात, जसं झालं तसं, स्वतःचं आधी आणि आतेचं नंतर. मग मॅडमनी विचारलं, मला वीस सांगितलंस ते मोजून की अंदाजे? तासावरनं, तो म्हणाला. त्यांनी जे म्हटलं ते त्याला आधीच माहीत होतं, तरी लागलं.

"अरे, त्या तुझ्या आकड्यावर मी तिला टेंपोत घालत होते."

"व्हय मॅडम."

"आता खरंच तेवीस?"

"तेवीस बाटल्या. साडेअकरा लिटर. समोर मांडल्यात." सखानं बोट दाखवलं तसा तो म्हणाला, "चोवीसावी चालू हाय."

"चालू ठेव. श्वास जोरात झाला, नाकातनं फेस आला तर बंद कर आणि मला फोन कर. मी म्हैस मोकळी केली की येते. टेंपोवाल्याला सोडू नको अजून."

टेंपोवाल्याला कुणी सोडत नव्हतं. तो स्वतःच बसला होता, पेंढ्यावर, आतेनं दिलेली भाकरी खात.

ऊन टेकाडावरनं उतरलं. तबेल्यात सावली लांब झाली. हितेश उभा राहायचा, बसायचा, नळीला हात लावायचा, परत उभा राहायचा. कमळाकरनं दोनदा सांगितलं, बस रे एका जागी, तिला पण अस्वस्थ होतंय. तो बसला. लगेच उठला. आते म्हणाली, याला पण एक बाटली लावा, झोपंची.

आणि मग शेवंतीनं मागचे पाय फाकवले. हितेशला वाटलं पडते. तो पुढं झेपावला, कमळाकरनं दोरी घट्ट धरली, सखा भाकरी टाकून उठला. ती पडली नाही. शेपटी बाजूला केली, पाठ जरा वाकवली आणि मुतली. गडद, चहासारखी, उग्र वासाची धार. शेणामातीच्या जमिनीवर फेस झाला, खळगा भरला, ओघळ सखाच्या चपलेपर्यंत गेला. सखानं पाय हलवला नाही.

कमळाकर मटकन खाली बसला आणि घोडीच्या पुढच्या पायाला कपाळ टेकवलं. आते डोळे उघडून नळीतल्या धारेकडं टक लावून बघत राहिली, जणू आत्ताच पहिल्यांदा दिसली असावी. हितेशला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. उलट हसू फुटलं, ते पण वेडंवाकडं.

त्यानं मॅडमना फोन लावला. रिंग गेली.

"मुतली, मॅडम."

"छान. खूप छान. किती?"

हितेशनं खाली बघितलं. जमिनीनं बरंचसं पिऊन टाकलं होतं. त्यानं फोन छातीशी धरून बाकीच्यांना विचारलं. कमळाकर म्हणाला, कळशीभर तरी असंल. आते म्हणाली, कसली कळशीभर, तांब्या-दीड तांब्या. सखानं चपलेकडं बघून दोन बिसलेरी सांगितलं आणि वर पैज लावायला तयार झाला. हितेशच्या तोंडात एक आकडा तयार होता, चांगला गोल, दोन लिटर. त्यानं तो गिळला.

"मोजलं नाय, मॅडम."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "पुढचं मोज. किती येतं त्यावर रात्रीचं पाणी ठरवायचंय. हगवणीचं पण बघ. तूट अजून पूर्ण भरलेली नाही, लक्षात ठेव."

हितेशनं फोन ठेवला, न्हाणीतनं बादली आणली आणि शेवंतीच्या मागं जाऊन उभा राहिला.

"एका बाजूला उभा राह," आते बाटली बदलत म्हणाली. "बरी झालीय ती आता. लाथ मारंल."